पिस्तूल कोणी दिले? : अर्पिता सिंग यांच्या चित्रांतील देवी, आई आणि मोहल्ला

अर्पिता सिंग यांच्या चित्रांविषयीच्या लेखनात दोन विशेषणे पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांच्या रेषेला ‘बालसुलभ’ म्हटले जाते आणि त्यांच्या स्त्रीप्रतिमांना ‘आदिमाता’. दोन्ही कौतुकाची आहेत; त्यामुळे त्यांची झडती सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः त्या दोहोंमुळे या चित्रांतील एक महत्त्वाचा घटक दृष्टीआड होतो. तो म्हणजे स्त्री ज्या गल्लीत, ज्या खोलीत, ज्या दशकात उभी आहे तो परिसर. आदिबंधात्मक समीक्षेला परिसराची फारशी गरज नसते. आदिबंध सर्वत्र सारखाच असतो, असे तिचे गृहीतकच आहे.

‘देवी पिस्तूलवाली’ (1990) हे चित्र पाहावे. अनेक हातांची स्त्री, हातात शस्त्र, पायाशी पुरुष. महिषासुरमर्दिनीची चौकट ओळखायला क्षणभरही लागत नाही, आणि आदिबंधाच्या शोधात असलेला समीक्षक येथेच समाधान पावून थांबतो. परंतु परंपरेतील देवीची शस्त्रे तिची स्वतःची नसतात. शिवाने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र दिले; पुराणकथेत प्रत्येक आयुधाचा दाता नावानिशी सांगितलेला आहे. देवांचे तेज एकत्र येऊन ती घडते, म्हणजे तिच्या सामर्थ्यामागे पुरुषदेवतांची संमती असते. अर्पिता सिंग यांच्या चित्रात पिस्तूल कोणी दिले, हे सांगणारी कथाच उपलब्ध नाही. ते बाजारातले, पोलिसांचे किंवा गुंडाचेही असू शकते. मिथकातील दाता नाहीसा झाला की मिथक शिल्लक राहते का? ही देवी पांढऱ्या साडीतली, अलंकारांवाचूनची, शेजारच्या घरातून उठून आल्यासारखी स्त्री आहे. तिच्या हातांत पिस्तुलाबरोबर घरातल्या साध्या वस्तूही आहेत आणि चित्र त्यांच्यात प्रतवारी करीत नाही. शस्त्र हेही घरगुती साधनांपैकी एक झाले आहे, ही यातील खरी अस्वस्थ करणारी गोष्ट होय.

‘माय मदर’ (1993) या तैलचित्रात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. डिसेंबर 1992 ते जानेवारी 1993 या काळातील दंगलींची पार्श्वभूमी त्याला आहे. मागे रस्ता, मोटारी, हिंसा, पांढऱ्या कापडात झाकलेले देह, पुढे आई. तिचे आकारमान बाकी सर्वांहून कितीतरी मोठे आहे. पारंपरिक चित्रपद्धतीत देवता किंवा राजा मोठा काढला जातो; तेथे आकार हा अधिकाराचा निदर्शक असतो. येथे मात्र आई मोठी आहे ती नात्यामुळे: चित्रकर्तीच्या सर्वांत जवळची म्हणून. थकलेल्या देहाची ही वृद्धा कोणाचे रक्षण करीत नाही, संहारही करीत नाही. ती केवळ उभी आहे. तिला ‘मातृशक्ती’ म्हणणे म्हणजे तिच्या मागे पडलेल्या प्रेतांची जबाबदारी तिच्या कृपेवर सोपविण्यासारखे आहे.

अर्पिता सिंग यांचा जन्म 1937 मध्ये बंगालमधील बारानगरचा. 1946 मध्ये, फाळणीच्या आदल्या वर्षी, त्या दिल्लीत आल्या. त्यांच्या चित्रांतील फुलापानांच्या किनारी आणि भरगच्च पृष्ठभाग पाहून बंगालच्या कांथ्याचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र देशीवादी मांडणी त्यावरून पूर्वज स्त्रियांच्या अखंड वारशाकडे जी उडी घेते, ती घाईची आहे. वस्त्रकलेशी त्यांचा व्यावसायिक परिचय झाला तो वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या सरकारी संस्थेतील नोकरीमुळे. पूर्वजांची भाषा येथे निदान काही अंशी पगारी कामातून, नमुन्यांच्या कागदांतून शिकली गेली आहे. यात वारशाचे अवमूल्यन नाही. विस्थापितांच्या बाबतीत वारसा बहुधा असाच, दूरच्या वाटेने, परत मिळवावा लागतो. (प्रभाकर बरवे यांनीही याच संस्थेच्या वाराणसी व मुंबई येथील केंद्रांत काम केले. एकाच संस्थेतून निघून बरवे यांनी वस्तूंना त्यांच्या परिसरातून सोडवून रिकाम्या अवकाशात ठेवले, तर अर्पिता सिंग यांनी अवकाश जवळजवळ शिल्लकच ठेवला नाही. या विरोधाचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.)

या चित्रांतील अध्यात्माचा शोध देवीत घेण्यापेक्षा हाताच्या कृतीत घेणे अधिक फलदायी ठरेल. 1970च्या दशकात अर्पिता सिंग यांनी मानवाकृती बाजूला ठेवून अनेक वर्षे ठिपके आणि रेघा यांचीच अमूर्त रेखाटने केली. एकच खूण पुन्हा पुन्हा उमटविणे ही क्रिया टाक्याला जवळची आहे, तशी जपालाही. पुढे आकृती परतल्या तेव्हा ही पुनरावृत्ती त्यांच्याभोवती राहिली: कधी फुले, कधी अंक, कधी अक्षरे होऊन.

अक्षरांचा मुद्दा साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा. या चित्रांत इंग्रजी शब्द, वाक्यांचे तुकडे, रस्त्यांच्या नकाशासारख्या पट्ट्या येतात. वाचक सवयीने वाचू लागतो आणि मध्येच अडतो. शब्द रंगाखाली जातो किंवा दुसऱ्या तुकड्यावर चढतो. संहिता म्हणून तो लावता येत नाही आणि नक्षी म्हणून सोडूनही देता येत नाही. शहरातील भिंती, पाट्या आणि वर्तमानपत्रे डोळ्यांत शिरतात तीही अशीच, अर्धवट. शेजारपाजारही याच न्यायाने येतो. ‘मुन्ना अपाज गार्डन’ (1989) या चित्राच्या शीर्षकातच एका शेजारणीसारखे नाव आहे, पुराणातले नाही. दिल्लीच्या वस्तीतील मोटार, विमान, चहाचे कप, खुर्च्या, बंदूकधारी माणसे आणि बदके एकाच पृष्ठभागावर येतात. काही वरून पाहिलेली, काही समोरून. कोणता बिंदू पाहणाऱ्याचा, हे ठरत नाही. ‘बालसुलभ’ हे विशेषण या ठिकाणी सर्वाधिक दिशाभूल करते. मुलाच्या चित्रात वस्तू सुट्या असतात, कारण त्यांचा परस्परसंबंध मुलाला ठाऊक नसतो. येथे तो पुरेपूर ठाऊक आहे, आणि म्हणूनच विमानाला आणि फुलाला रंगाचा सारखाच जाड थर दिलेला आहे.