लहान गिअरपेट्यांच्या टिकाऊपणाची कसोटी : एक परीक्षण

लहान गिअरपेटी भाराखाली अमुक तास चालली, एवढ्यावरून ती टिकाऊ ठरविण्याचा प्रघात शास्त्रीय दृष्ट्या अपुरा आहे. भार किती होता, वंगण व तापमान कोणते होते आणि अखेरीस कोणता भाग निकामी झाला, हे सांगितल्यावाचून तासांच्या आकड्यास अर्थ येत नाही.

प्रयोगशाळेत बहुधा दोन पेट्या समोरासमोर जोडून, त्यांच्या दंडांत पीळ कोंडून त्या फिरविल्या जातात. शक्ती त्या बंदिस्त चक्रातच खेळते. मोटारीस केवळ घर्षणाची तूट भरून काढावी लागते. योजना काटकसरीची खरी; परंतु साध्या मांडणीत कोंडलेला पीळ एकसारखा राहतो. प्रत्यक्षातील भार तसा नसतो. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारा येथील कारखान्यात एके काळी ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. दोघांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढताना क्लच सुटताच अशा स्कूटरच्या गिअरांना बसणारा हिसका स्थिर भाराच्या कसोटीत उमटत नाही. सांगलीकडील साखर कारखान्यांत गव्हाणीत ऊस अडकला, तर ती चालविणाऱ्या पेटीवरही असाच आघात होतो.

वेळ वाचविण्यासाठी भार वाढविण्याचा उपायही निर्धोक नाही. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे भार सवापट होताच ते जवळजवळ निम्म्यावर येते. दातांचा नियम मात्र निराळा. बेताच्या भाराखाली दातांच्या पृष्ठावर हळूहळू खड्डे पडतात. अतिभाराखाली दात मुळाशीच मोडू शकतो. कसोटीत एक दोष आणि वापरात दुसरा, अशी स्थिती असल्यास दोहोंची तुलनाच संभवत नाही. पामग्रेन (१९२४) व मायनर (१९४५) यांचा संचित हानीचा नियम बदलत्या भारांची बेरीज करतो; तथापि भारांचा क्रम तो विचारात घेत नाही.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. ऐन हंगामात गव्हाण थांबली, की तोडलेला ऊस वाळतो. वजनातील घट शेतकऱ्यास आणि साखरेतील घट कारखान्यास सोसावी लागते. म्हणून प्रथम प्रत्यक्ष कामातील भार मोजावा, त्याच क्रमाने तो प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवालात तासांबरोबर मोडीचा प्रकारही नोंदवावा. एरव्ही टिकाऊपणाचा दाखला हा केवळ यंत्र फिरल्याचा दाखला ठरेल.