गृहिणीची साक्ष : ज्यूलिया ग्रँट यांच्या आठवणी

थोर पुरुषाच्या पत्नीने लिहिलेल्या आठवणी हाती घेताना वाचकाच्या मनात दोन अपेक्षा असतात. त्या पुरुषाचे घरगुती दर्शन घडावे, ही पहिली. आणि लिहिणारीचे स्वतःचे मन उमगावे, ही दुसरी. अमेरिकन यादवी युद्धातील विजयी सेनापती व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांच्या पत्नी ज्यूलिया डेंट ग्रँट यांच्या आठवणींत पहिली अपेक्षा भरपूर पुरी होते. दुसरी पुरी होते ती मात्र बाईंच्या नकळत. आणि आमच्या मते या ग्रंथाचे खरे मोल तेथेच आहे.

ज्यूलियाबाईंचा जन्म 1826 साली मिसूरी प्रांतात सेंट लुईस येथे झाला. सेंट लुईसजवळच्या 'व्हाइट हेवन' या शेतवाडीवर त्या वाढल्या. वडील फ्रेडरिक डेंट हे गुलामांचे धनी होते. बंधू फ्रेड हा सैनिकी विद्यालयात ग्रँट यांचा सहाध्यायी. त्या ओळखीतून 1844 मध्ये गुप्तपणे वाङ्निश्चय झाला आणि मेक्सिकोचे युद्ध संपल्यावर 1848 मध्ये विवाह. गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले सासरे जेसी ग्रँट हे विवाहास आले नाहीत. माहेर गुलामांच्या श्रमावर पोसलेले आणि सासर त्या प्रथेच्या विरोधात, अशा दोन घरांमध्ये या बाईंचा संसार उभा राहिला.

त्या संसाराचे चित्रण हा ग्रंथाचा मोठा गुण होय. 1854 मध्ये पतीने सैन्याची चाकरी सोडली. मग शेती करणे आणि सेंट लुईसच्या रस्त्यांवर सरपण विकणे नशिबी आले. पतीने स्वतः बांधलेले ओंडक्यांचे घर आपणांस मुळीच आवडले नाही, हे बाई मोकळेपणाने सांगतात. चार मुलांचे संगोपन, युद्धकाळी छावणीत जाऊन राहणे, अध्यक्षीय निवासातील आठ वर्षे, पुढे जगप्रवास, त्यात 1879 च्या फेब्रुवारीतील मुंबईची भेट, हे सारे त्या प्रसन्नपणे निवेदितात. पतीवरील त्यांची निष्ठा खरी आहे आणि ती वाचकाच्या अंतःकरणास भिडते.

तथापि गुलामगिरीचा विषय निघाला की ही प्रसन्नता आम्हांस खटकू लागते. माहेरचे दासदासी सुखी होते, असे त्या सांगतात. आपल्या सेवेतील चार दास मुक्तीच्या जाहीरनाम्यापर्यंत आपलेच होते, असेही त्या लिहितात. वस्तुतः 1 जानेवारी 1863 चा तो जाहीरनामा मिसूरीस लागूच नव्हता. तेथे ही प्रथा 1865 च्या जानेवारीत रद्द झाली. शिवाय त्या चौघांची कायदेशीर मालकी बाईंकडे होती की वडिलांकडे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. बाईंची स्मृती येथे अडखळते. पण आम्हांस अधिक बोलकी वाटते ती त्या चुकीमागील निश्चिंतता.

या चौघांत ज्यूल नावाची दासी होती. युद्धकाळी बाई छावणीत जात तेव्हा मुलांना सांभाळावयास बहुधा हीच बरोबर असे. 1864 साली सेंट लुईसकडे परतताना ज्यूल वाटेतच निघून गेली. मिसूरीत पाऊल ठेवले तर पुन्हा दास्यात पडू, ही तिची भीती बाई स्वतःच नोंदवितात आणि तिच्या जाण्याचे दुःखही व्यक्त करतात. माहेरचे दास सुखी होते, तर ही दासी का गेली? बाई हा प्रश्न विचारीत नाहीत. पण त्याचे उत्तर देणारी हकीकत त्यांच्याच लेखणीतून उतरली आहे.

यावर कोणी म्हणेल की माणूस आपल्या काळाचे अपत्य असते. आजच्या मापाने बाईंना मोजू नये. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु दुसरे माप त्यांच्या घरातच होते. सासऱ्यांचे मत त्यांना ठाऊक होते. पतीने तर 1859 मध्ये, पैशांची ओढाताण असताना, विल्यम जोन्स या आपल्या मालकीच्या दासास न विकता मुक्त केले. म्हणून दोष सर्वस्वी काळावर टाकता येत नाही.

मराठी वाचकास येथे रमाबाई रानडे यांच्या 1910 च्या आठवणी सहज स्मरतील. पतिनिष्ठा तेथेही तितकीच उत्कट आहे. पण आपल्या शिक्षणापायी घरातील स्त्रियांकडून जो जाच झाला तो रमाबाई झाकीत नाहीत. घरातील ताण उघड मांडल्याने त्यांच्या भक्तीस उणेपणा येत नाही, उलट ती अधिक विश्वसनीय होते. ज्यूलियाबाईंच्या ग्रंथास हे बळ लाभलेले नाही.

ग्रँट यांनी 1885 मध्ये मरणशय्येवर पुरे केलेल्या आठवणींनी कुटुंबास चार लाख डॉलरांहून अधिक मिळवून दिले. पत्नीच्या आठवणी मात्र 1902 मधील त्यांच्या निधनानंतरही अप्रकाशित राहिल्या व 1975 मध्ये छापून निघाल्या. इतक्या उशिरा आलेली ही साक्ष शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावी. मात्र ती ठेवताना ज्यूलचे पान वगळू नये. आपल्या बाजूने लिहिलेला एकही ग्रंथ तिच्यामागे नाही. मालकिणीच्या ग्रंथातील त्या थोड्या ओळींतच ती आपणांस भेटते.