वडाळ्याचं मीठ आणि धारासण्याची फूटपट्टी

मिठाच्या सत्याग्रहावर बोलताना आपण सगळे दांडीला जातो, तिथून धारासण्याला. आज जरा जवळ राहू. चेंबूरहून हार्बरची गाडी धरली की पाचवं स्टेशन वडाळा. १९३०च्या मे-जूनमध्ये तिथल्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या धाडीमागून धाडी पडल्या. आपल्या चर्चेत त्या क्वचितच येतात. का, ते बघू.

धारासण्याचं चित्र आपल्याला वेब मिलर या अमेरिकन पत्रकाराने दिलं. २१ मेला रांगा पुढे सरकतात, डोक्यावर लाठ्या पडतात, आणि वार चुकवायलाही कुणी हात उचलत नाही. बातमी जगभर गेली, आणि तिचं मोल आहेच. पण तिने आपल्या हाती एक फूटपट्टीही दिली: अहिंसा म्हणजे मार खाणं. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं, मग झाकायचं कशाला!

वडाळा या पट्टीत बसत नाही. १ जूनला सुमारे १५ हजार माणसं जमली. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वे फाटकापाशी पोलिसांनी तुकड्या अडवल्या. मागे गर्दी फुगत गेली आणि शेवटी बाया-पोरांसकट लोक पोलिसांचं कडं तोडून आत घुसले, चिखल तुडवत मिठापर्यंत पोचले. यातले सगळे काही प्रशिक्षित स्वयंसेवक नव्हते. मग हा सत्याग्रह की नुसती झुंबड?

इथे घाई नको. शिस्त नसलेली गर्दी कधीही बिघडू शकते, हा आक्षेप खरा आहे. चौरीचौरानंतर १९२२मध्ये गांधींनी अख्खी चळवळ थांबवली ती याच भीतीने. पण १९३०ला निघतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं की तुरळक हिंसा झाली तरी या वेळी थांबायचं नाही. म्हणजे शुद्धतेची अट खुद्द त्यांनीच सैल केली होती. आपण मात्र ती अजून घट्ट धरून बसलो आहोत.

आमचं म्हणणं असं. मार खाणाऱ्याकडे बघून आपलं मन द्रवतं, आणि त्या द्रवण्यालाच आपण अहिंसेचा पुरावा समजतो. पण कायदा कशाने मोडला? मणामागे सव्वा रुपया कर असलेलं मीठ लोकांनी न विचारता उचललं, त्याने. लाठी बसली नसती तरी कायदा मोडलेलाच होता. मग मोजायचं ते हे, की कडं तोडणाऱ्याने पोलिसावर हात टाकला की नाही. त्याला स्वतःला किती लागलं, हा प्रश्न वेगळा.

‘प्रतिपक्षाचं हृदयपरिवर्तन’ हा शब्दही जपून वापरावा. ५ मार्च १९३१च्या गांधी-आयर्विन करारात सवलत मिळाली ती मीठ होतं त्या भागाला लागून असलेल्या गावांना: घरापुरतं करा, गावातल्या गावात विका, बाहेर नाही. कायदा जागेवरच राहिला, कर गेला तो १९४७ साली. फाटकापाशी उभ्या असलेल्या गिरगाव-परळच्या माणसाला त्या करारातून चिमूटभरही मीठ मिळालं नाही.