‘बाजार’ या रूपकाची मर्यादा : मुक्तस्रोत समुदायांतील मतभेदांचा विचार

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयी गेल्या तीन दशकांत जे लेखन झाले, त्यात एरिक रेमंड यांच्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधाचे स्थान अनन्यसाधारण आहे. १९९७ मध्ये जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे तो प्रथम वाचला गेला आणि १९९९ मध्ये अन्य निबंधांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. एकमेकांना क्वचितच भेटणारी माणसे एकत्र येऊन प्रचंड रचना कशी उभी करतात, या प्रश्नाचे उत्तर रेमंड यांनी दोन रूपकांच्या आधारे दिले. त्या उत्तराचा बराच भाग आजही ग्राह्य आहे. परंतु सहकार्याची उपपत्ती मांडताना मतभेदाची उपपत्ती या निबंधात अपुरी राहिली, आणि या उणिवेचे मूळ बहुतांशी त्याच्या मध्यवर्ती रूपकातच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. कॅथीड्रल मोजके स्थपती बंद दाराआड उभारतात. १९९१ मध्ये आरंभलेले लिनक्स मात्र भर बाजारात, सर्वांच्या देखत वाढले. काम लवकर व वारंवार लोकांपुढे ठेवावे, वापरणाऱ्यांनाच सहकारी मानावे, म्हणजे दोष त्वरित सापडतात. ‘फेचमेल’ या स्वतःच्या प्रकल्पावर रेमंड यांनी ही पद्धत पारखून पाहिली. दोषशोधनापुरते हे विवेचन समर्पक आहे. दोष सापडणे ही ज्ञानाची बाब असते; पण दोन निर्दोष मार्गांपैकी कोणता स्वीकारावा, ही निर्णयाची बाब होय. डोळे वाढल्याने पहिली गोष्ट सुकर होते, दुसरी नव्हे.

येथे रूपकाकडे वळले पाहिजे. बाजार हा फारसीतून आलेला शब्द मराठीत पूर्णपणे रुळला आहे, आणि त्याची एक छटा गोंगाटाची व अव्यवस्थेची आहे. रेमंड यांनाही तीच छटा अभिप्रेत आहे : वरवर कोलाहल, आणि त्यातून आपोआप साकारणारी सुसंगती. परंतु प्रत्यक्ष बाजार इतका आपोआप चालत नाही. मराठेशाहीतील पेठांत शेटे व महाजन हे वतनदार असत. आठवडे बाजारातही कोणी कोठे बसावे याचे संकेत असतात. तंटा कोणापुढे न्यावयाचा हे ठाऊक असल्यावाचून बाजार फार काळ भरत नाही. रेमंड यांच्या रूपकाने बाजारातील गजबज घेतली, व्यवस्था घेतली नाही.

न्यायाच्या दृष्टीने हे सांगितले पाहिजे की, १९९८ च्या ‘होमस्टेडिंग द नूस्फिअर’ या निबंधात रेमंड यांनी प्रकल्पांच्या स्वामित्वाचे रिवाज आणि फोर्क, म्हणजे प्रकल्पाची फारकत, याविषयीचा निषेधभाव यांची चर्चा केली आहे. पण तेथेही तंट्याचे उत्तर बहुधा स्वामित्वात शोधले जाते. शिवाय फारकत नेहमीच घातक ठरते असे नाही. ज्या ‘जीसीसी’ची गणना रेमंड कॅथीड्रल-पद्धतीत करतात, तिच्यातून १९९७ मध्येच ‘ईजीसीएस’ ही शाखा फुटली, आणि १९९९ मध्ये त्या शाखेलाच अधिकृत ‘जीसीसी’ म्हणून मान्यता मिळाली.

पुढील इतिहास या उणिवेवर भाष्य करणारा आहे. निबंधाचे आदर्श उदाहरण जे लिनक्स, त्याच्याच कर्नेल-प्रकल्पाने २०१५ मध्ये संघर्षाविषयी एक छोटे टिपण स्वीकारले. ते पुरले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कठोर भाषेबद्दल जाहीर क्षमा मागून काही काळ विश्रांती घेतली, आणि प्रकल्पाने सविस्तर आचारसंहिता अंगीकारली. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथन भाषेचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी एका नव्या चिन्हाविषयीच्या दीर्घ वादानंतर ‘तहहयात हितैषी हुकूमशहा’ हे अर्धविनोदी पद सोडले. उत्तराधिकारी त्यांनी नेमला नाही. प्रमुख विकासकांनी मतदानाने पाच जणांच्या निर्वाचित मंडळाची पद्धत निवडली. एकाच्या सुरुचीवर विसंबलेली व्यवस्था त्या एकाच्या सहनशक्तीइतकीच टिकते, हा यातील बोध आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास याहून उद्बोधक वाटेल ती अपाचे प्रकल्पांतील मतदानाची रीत. तेथे अनुकूलता ‘+१’ने व विरोध ‘−१’ने दर्शवितात. कोडमधील बदलावर ‘−१’ हा नकाराधिकार ठरतो. मात्र तांत्रिक कारण जोडल्यावाचून तो ग्राह्य धरला जात नाही. काही उक्ती केवळ माहिती देत नसून कृती करतात आणि त्या कृतीस अटी असतात, हे जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने विशद केले. प्रस्तुत रीत ही अशाच अटीचे उदाहरण होय. कारण देण्याच्या सक्तीने वाक्याचा कर्ता बदलतो. ‘हा बदल मेमरी वाया घालवितो’ या विधानाला चाचणीने उत्तर देता येते. ‘तुम्हांला यातले कळत नाही’ या विधानाला निघून जाण्यावाचून उत्तर नाही. जेथे चेहरा व स्वर दिसत नाहीत आणि अनेकांची मातृभाषा निराळी असते, तेथे हा भेद केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

नियम लिहिले म्हणजे कटुता संपते, असा याचा अर्थ नव्हे. डेबियन प्रकल्पाला १९९८ पासून लिखित घटना आहे. तरीही २०१४ मध्ये सिस्टमडीच्या प्रश्नावर तिच्या तांत्रिक समितीत समसमान मते पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मताने निवाडा झाला, समितीतील काहींनी पद सोडले आणि ‘डेव्हुआन’ ही वेगळी शाखा निघाली. घटनेने दुःख टाळले नाही. परंतु २०१९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा रीतसर मताला टाकता आला, हे तिचेच फळ होय. पराभूत पक्षाला आपले म्हणणे पुन्हा मांडण्याची जागा शिल्लक राहणे, हीच सहकार्याची खरी कसोटी मानली पाहिजे.

सारांश, रेमंड यांचा निबंध माणसे का जमतात हे सांगतो. मतभेदानंतर ती का टिकतात, हे सांगत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर आज बँका, रुग्णालये आणि विद्यापीठे चालतात, त्याचे भवितव्य या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे. त्याचे उत्तर कोडच्या ओळींत मिळणार नाही. ते त्या ओळींविषयी माणसे एकमेकांशी ज्या वाक्यांत बोलतात त्यांत शोधावे लागेल, आणि तो शोध आपल्या विद्याशाखेच्या कक्षेत येतो.