सवयींचा हिशेब: तीन ग्रंथांचे एक वाचन

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. बहुधा ती दुसऱ्याविषयी उच्चारली जाते. परंतु राखेच्या बुधवारी केलेला संकल्प प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मोडून पडतो, तेव्हा ती प्रत्येकाला स्वतःविषयीही खरी वाटू लागते. ख्रिस्ती श्रद्धेला मात्र ही म्हण जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. मनुष्य पालटू शकतो, ह्या विश्वासावरच शुभवर्तमान उभे आहे. मग तो पालटतो कसा, आणि पालटता पालटता पुन्हा पडला तर त्याने काय करावे, हा खरा प्रश्न होय.

ह्या प्रश्नाला थेट भिडणाऱ्या तीन जगप्रसिद्ध ग्रंथांचा येथे विचार करावयाचा आहे: संत ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’, संत इग्नेशियस लोयोला यांचे ‘स्पिरिच्युअल एक्सरसायझेस’ आणि बेंजामिन फ्रँकलिन यांचे आत्मचरित्र. तिघांसाठी कसोटी एकच ठेवू. सवयी पालटण्याची एखादी पद्धत यशस्वी माणसाला काय मिळवून देते, ह्यापेक्षा पडलेल्या माणसाच्या हाती ती काय ठेवते, ह्यावरून तिचे मोल ठरवावे.

ऑगस्टीन यांनी आपला ग्रंथ चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिला. त्याच्या आठव्या भागात सवयीचे जे निदान आहे, ते आजही शिळे झालेले नाही. वाकडी इच्छा, तिच्यातून वासना, वासनेच्या सेवेतून सवय आणि सवयीला विरोध न केल्यामुळे अखेर अपरिहार्यता, अशी एकात एक गुंतलेली साखळी ते दाखवितात. साखळी दुसऱ्या कोणी घातलेली नाही, तिचे लोखंड आपल्याच इच्छेचे आहे, ही त्यांची वेदना होय. ३८६ साली मिलानच्या बागेत ही साखळी तुटली. परंतु त्या प्रसंगाआधी ग्रंथात काय येते, हे वाचकाने नीट पाहावे. पोंतिचियानस नावाचा पाहुणा संत अँथनी यांची आणि त्यांचे चरित्र वाचून जीवन पालटलेल्या दोन अधिकाऱ्यांची हकिकत सांगतो. बागेत मित्र अलिपियस सोबत असतो. म्हणजे ऑगस्टीन एकटे पालटत नाहीत. दुसऱ्याच्या साक्षीने त्यांच्या मनाची कडी निघते.

ह्याहूनही मोलाचा मला दहावा भाग वाटतो. तेथे लिहिणारा माणूस बाप्तिस्मा घेतलेला, हिप्पोचा बिशप झालेला आहे. तरीही जुन्या सवयींची चित्रे आपल्याला स्वप्नात छळतात, जेवताना गरज कोठे संपते आणि चोचले कोठे सुरू होतात हे कळत नाही, स्तुती गोड वाटते, असे तो उघडपणे सांगतो. परिवर्तनाची कथा बागेतच संपवली असती तर ग्रंथ अधिक नाट्यमय झाला असता. पण तो इतका खरा झाला नसता.

इग्नेशियस यांचा ग्रंथ १५४८ साली तिसरे पोप पॉल यांच्या मान्यतेने छापला गेला. वाङ्मय म्हणून वाचावयास घेतला तर तो निराशा करील. त्यात कथा नाही, अलंकार नाही. साधना करवून घेणाऱ्यासाठी लिहिलेल्या कोरड्या सूचना आहेत. ‘ख्रिस्तपुराणा’चे कवी फादर थॉमस स्टीफन्स यांच्यासह प्रत्येक येशूसंघीय ह्या साधनेतून गेलेला आहे. तिच्यातील ‘विशेष परीक्षण’ हे प्रकरण केवळ काही परिच्छेदांचे असून त्यात सवयींचा अक्षरशः हिशेब मांडला आहे. साधकाने एकच दोष निवडावा. सकाळी उठताच त्याविषयी सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घ्यावा आणि जितक्या वेळा पतन झाले तितके ठिपके कागदावरील ओळीवर द्यावेत. आठवड्यासाठी सात ओळी; पहिला मोठा ‘जी’ रविवारचा, त्याहून लहान सोमवारचा, असा क्रम. दिवसागणिक ठिपके घटावेत ही आशा त्या लहान होत जाणाऱ्या अक्षरांतच वाचता येते.

ही केवळ जमाखर्चाची वही वाटेल. पण दोन बारकावे तिला वेगळी करतात. पहिला असा, की आढावा घेण्यापूर्वी साधक कृपा मागतो: किती वेळा पडलो हे आठवण्याची आणि पुढे सुधारण्याची. आपले दोष आपल्याला दिसणे हेही देवाचे देणे आहे, असे हा क्रम न बोलता सांगतो. दुसरा असा, की पतन होताच छातीवर हात ठेवून मनात पश्चात्ताप करावा. ही खूण चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता करता येते. पडलेल्या माणसाच्या हाती ग्रंथ लगेच काहीतरी ठेवतो. त्याला रात्रीपर्यंत, शनिवारच्या पापनिवेदनापर्यंत थांबावे लागत नाही.

फ्रँकलिन यांनी आत्मचरित्राचा संबंधित भाग १७८४ साली पॅरिसजवळच्या पासी येथे लिहिला. त्यांचीही एक लहान वही होती: तेरा सद्गुण, आठवड्याचे सात रकाने, दोषागणिक एक काळा ठिपका. दर आठवड्याला एका सद्गुणाकडे विशेष लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. इग्नेशियस यांच्या ओळींशी असलेले साम्य चकित करणारे आहे. वहीच्या आरंभी फ्रँकलिन यांनी देवाची एक छोटी प्रार्थनाही घातली होती, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोके पडली, तेव्हा त्यांनी ओल्या स्पंजाने पुसता येतील अशी हस्तिदंती पाने वापरली.

कथनात फ्रँकलिन दोन्ही संतांपेक्षा सरस आहेत. व्यवस्थितपणा आपल्याला कधीच साधला नाही हे सांगताना ते कुऱ्हाडीची गोष्ट सांगतात. कुऱ्हाडीचे सारे पाते धारेसारखे लखलखीत हवे असा हट्ट धरणारा गिऱ्हाईक लोहाराचे चाक फिरवून दमतो आणि आपल्याला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते म्हणतो! नम्रता हा सद्गुण यादीत मागाहून आला, कारण एका क्वेकर मित्राने त्यांच्या गर्वाकडे बोट दाखविले. नम्रतेचे बाह्य रूप तेवढे आपल्याला साधले, अशी कबुलीही ते देतात. वाचक हसतो, आणि हे हसू निर्मळ आहे. तरीही आपली कसोटी लावली की उणीव दिसते. पडलेल्या माणसाच्या हाती येथे विनोद उरतो, क्षमा उरत नाही. ठिपका पुसायला स्पंज आहे. क्षमा करणारा कोणी नाही.

इग्नेशियस यांच्या पद्धतीवरही आक्षेप घेता येतो. पापे मोजत राहणारे मन संशयग्रस्त होऊ शकते. मानरेसा येथे खुद्द इग्नेशियस तीच ती पापे पुन्हा पुन्हा निवेदन करीत इतके खचले, की जीव देण्याच्या मोहापर्यंत पोहोचले. म्हणूनच त्यांच्या ग्रंथात अशा शंकाग्रस्ततेविषयी स्वतंत्र सूचना आहेत आणि साधना मार्गदर्शकाच्या सोबतीने करावयाची आहे. वही एकट्याने उघडली तर ती आरोपपत्र होते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

आज पुस्तकांच्या दुकानांत सवयींवरील ग्रंथांची रास असते. जेम्स क्लियर यांचे २०१८ सालचे ‘अॅटॉमिक हॅबिट्स’ त्यांतले एक गाजलेले. लहान कृती, अनुकूल वातावरण आणि रोजची नोंद हा त्याचा उपदेश व्यवहारात उपयोगी आहे आणि आपल्या तरुणांनी तो अवश्य वाचावा. पण कोणती ध्येये धरावीत, हा प्रश्न ते वाचकावर सोपविते. वजन, पैसा, परीक्षा ह्यांसाठी तेवढे पुरेसे असेल. दारूने पोखरलेल्या घराला ते पुरत नाही. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चे बिल विल्सन यांना १९४० साली भेटलेले येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांना त्या संघटनेच्या बारा पायऱ्या आणि इग्नेशियस यांची साधना ह्यांत जवळीक दिसली, ती उगाच नव्हे. आपल्या दुर्बलतेची कबुली, वरच्या शक्तीवर भिस्त, दोषांचा आढावा, दुसऱ्या माणसापुढे निवेदन आणि सोबत, एवढे सारे तेथे एकत्र येते.

तेव्हा वही जरूर ठेवावी. एकच दोष निवडावा, ठिपके प्रामाणिकपणे द्यावेत. मात्र ती उघडण्यापूर्वी कृपा मागावी, आणि घरातले कोणी पडले तर त्याला म्हण ऐकवण्याऐवजी सोबत द्यावी. हिप्पोच्या बिशपलाही अखेरपर्यंत तीच लागली.