प्रवाह आणि त्याचे चित्र : एका निबंधाची चिकित्सा

साबणासारख्या द्रव्यांच्या द्रावणांचा अभ्यास मुंबईच्या उपनगरांस परका नाही. १९५८ मध्ये पवईस भारतीय प्रौद्योगिकी संस्था स्थापन झाली व १९६७ मध्ये हिंदुस्थान लीव्हर कंपनीचे संशोधन केंद्र अंधेरीस उघडले. अशा पृष्ठक्रियाशील द्रव्यांचे रेणू पाण्यात एकत्र येऊन जे पुंज बनवितात त्यांस मायसेल म्हणतात. द्रावण वाहू लागले असता या पुंजांचे काय होते, हा प्रश्न कारखान्याचा आहे तितकाच उपपत्तीचाही आहे.

या प्रश्नावर वासुदेवन, शेन, खोमामी, सुरेशकुमार प्रभृतींचा जो निबंध २०१० मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. प्रवाहामुळे दंडाकार मायसेलांचे अर्धघन जेल बनते, हे पूर्वीच ज्ञात होते. परंतु प्रवाह थांबताच ते मोडून जाई. या लेखकांनी सूक्ष्मप्रवाही उपकरणात द्रावण नेहमीपेक्षा कित्येक पट अधिक त्वरेने ताणले आणि टिकाऊ जेल मिळविले. ते गोठवून घेतलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रात अंशतः एका दिशेस वळलेल्या मायसेलांचे जाळे दिसते.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. सूक्ष्मदर्शकातील निर्वातात पाणी द्रवरूपात टिकत नाही. म्हणून सामान्यतः नमुना टिपकागदाने टिपून त्याचा अत्यंत पातळ पापुद्रा करतात व तो द्रवरूप ईथेनमध्ये झटकन बुडवितात. मग पाण्याचे स्फटिक न बनता ते काचेप्रमाणे गोठते. परंतु टिपणे हाही एक प्रवाहच होय. त्यानेही लांबट मायसेल एका दिशेस वळू शकतात. तेव्हा चित्रातील दिशा उपकरणाने दिली की टिपकागदाने, याचा निर्णय एकट्या चित्रावरून होत नाही.

निबंधाचे खरे बळ आमच्या मते अन्यत्र आहे. जेल बनण्यास लागणारा किमान प्रवाहदर हा मायसेलांच्या संमीलनाविषयी टर्नर व केट्स यांनी मांडलेल्या उपपत्तीशी सुसंगत आहे, आणि प्रवाह थांबल्यावरही जेल टिकते. हे दोन्ही पुरावे टिपकागदावर अवलंबून नाहीत. चित्र त्यांस पूरक आहे, पर्यायी नव्हे.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्या संशोधकाने उपकरणातून न गेलेल्या द्रावणाचे चित्रही त्याच रीतीने घ्यावे. टिपणे व गोठविणे यांमधील काळ बदलून पाहावा आणि तो नोंदवावा. एवढी तुलना हाती असल्यावाचून चित्रावरून प्रवाहाविषयी अनुमान काढणे युक्त होणार नाही.