स्वातंत्र्य कोणाचे?

सरकारने लुडबूड थांबवली की व्यक्ती स्वतंत्र होते, असे पांढरपेशा वर्ग मानतो. उलट, सरकार हेच मायबाप, असे आपले काही कार्यकर्ते मानतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' पहिल्यांना खटकते, दुसऱ्यांना आधाराचे वाटते. दोघांनीही ते अर्धेच वाचले आहे.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी लिहिलेले हे निवेदन १९४७ चे. मोठे उद्योग, विमा, शेती राज्याच्या मालकीची असावी, ही त्यातली मागणी सर्वांना पाठ आहे. तिच्यामागचा युक्तिवाद मात्र विसरला जातो. राज्य बाजूला सरले म्हणून सत्ता नाहीशी होत नाही. ती जमीनदाराच्या नि मालकाच्या हाती जाते. बेकार माणसाला पोटासाठी आपले हक्क सोडावे लागतात.

घाटकोपर-मुलुंडकडे भाड्याची खोली शोधणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. आडनाव काय, खाता काय, हे प्रश्न भाड्याच्या आधी येतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवली. आधार कोणता? संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य! दार बंद करणाऱ्याचे ते स्वातंत्र्य. दाराबाहेर उभा आहे त्याचे काय?

म्हणून राज्यालाच शरण जायचे काय? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. त्या गोळ्या कोणा मालकाच्या नव्हत्या.

निवेदनाचा उरलेला अर्धा भाग इथे वाचावा लागतो. आर्थिक शोषणाविरुद्धचे कलम ज्या विभागात आहे, त्याच विभागाच्या आरंभी शासनयंत्रणेच्या जुलमाविरुद्ध न्यायालयीन संरक्षणाचे कलम आहे. मालकाला आवरायला राज्य, राज्याला आवरायला न्यायालय, अशी ही जोडरचना आहे. एक कलम काढले की दुसरे लंगडे होते.

तरी निवेदनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवले ते २००९ साली. बारा वर्षे! न्यायालयाचे दार उघडे असणे वेगळे आणि तिथवर टिकून राहणे वेगळे. ते टिकणे कलमातून येत नाही. ते वस्तीला आपल्या बळावर उभे करावे लागते. स्वातंत्र्यावर व्याख्यान देणाऱ्याने ही बारा वर्षे आधी मोजावीत.